गल्ली जुन्या नकाशावर सापडत नाही, किंवा सापडते ती थेट नदीत: इंदूरच्या घरांचा माग काढताना

घराण्याचा इतिहास लिहायला घेतलेली इंदूरची मराठी मंडळी एका ठिकाणी हमखास अडतात. पणजोबांच्या खरेदीखतात, जुन्या पोस्टकार्डावर किंवा आजीच्या शाळेच्या दाखल्यावर गल्लीचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं. खटपट करून जुना नकाशा मिळवला जातो, पण त्या नावाची गल्ली त्यावर नसते. मग घरातलं कोणी तरी तो नकाशा संगणकावर आजच्या नकाशावर चढवतं. बोळासारखी एक रेघ मिळते, सगळे आनंदतात, आणि लक्षात येतं की घर खान नदीच्या पात्रात पडलंय. खुणा बदलून पुन्हा चढवावा तर घर राजवाड्याच्या भिंतीत जाऊन बसतं.

इथून पुढे बहुतेक जण दोनांपैकी एक निष्कर्ष काढतात: कागद चुकीचा, किंवा नकाशा चुकीचा. बऱ्याचदा दोन्ही बरोबर असतात. गोंधळ होतो तो नावापासून सुरुवात केल्यामुळे. शहरात सगळ्यात आधी बदलतं ते नाव, मग रस्त्याची रुंदी, मग घराची दर्शनी भिंत. सगळ्यात शेवटी हलतात देवळाचा गाभारा, घाटाच्या पायऱ्या आणि छत्री, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ बांधलेली दगडी वास्तू. शोध याच्या उलट्या क्रमाने घ्यायचा: न हललेल्या गोष्टी आधी पक्क्या करायच्या, त्यांच्यामध्ये घर बसवायचं आणि गल्लीचं नाव अगदी शेवटी तपासायचं.

नाव का मिळत नाही

बोळाला नाव असायचं ते तिथल्या एखाद्या मोठ्या घराचं किंवा धंद्याचं. वैद्य राहात होते म्हणून वैद्यांची गल्ली. वैद्यांनी घर विकलं, पुढच्या पिढीने कोपऱ्यावरच्या दुकानावरून दुसरं नाव धरलं. दोन्ही नावं एकाच वेळी चालू असण्याचाही काळ असतो, घरातले जुनं म्हणतात आणि पोस्टमन नवं. शहराचा नकाशा काढणाऱ्याने यातलं काहीच लिहिलेलं नसतं. त्याने बाजार, मोठ्या सडका, देवळं, दरबारच्या इमारती लिहिल्या आणि बोळ नुसता रेघांनी दाखवला. त्यामुळे नकाशावर नाव नसणं याचा अर्थ गल्ली नव्हती असा होत नाही.

आपल्याकडचे कितीतरी पत्ते मुळात रस्त्याचे नसून ठिकाणाचे आहेत. तोपखाना, जिन्सी, मोती तबेला, पागनीसपागा, छत्रीबाग: हे सगळे दरबारच्या व्यवस्थेचे, फौजेचे किंवा बागेचे पत्ते. पणजोबा 'पागेमागे', म्हणजे घोड्यांच्या तबेल्यामागे, राहात होते असं कागदावर असेल तर 'पागेमागे' नावाचा रस्ता शोधत बसू नका. पागेची जागा शोधा आणि तिची मागची बाजू कोणती ते ठरवा. मागची म्हणजे दाराच्या विरुद्ध बाजूची, आणि दार कुठे होतं हे नकाशावर भिंतीत सोडलेल्या फटीवरून कळतं.

मोडी कागद असेल तर वाचन एकदा दुसऱ्या जाणकाराकडून करून घ्या. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि विशेषनाम कुठे संपतं हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावं लागतं. नातेवाइकांनी पूर्वी करून ठेवलेल्या देवनागरी नकलेवर शोध उभा करू नका. मूळ कागदाचा फोटो जवळ असू द्या.

घर नंबराचाही भरवसा धरू नका. इंदूरची म्युनिसिपालटी 1870 सालची. वॉर्ड पुन्हा पाडले की नंबर बदलले. दाखल्यावरचा 47 आणि आजच्या संपत्तिकराच्या पावतीवरचा 47 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. नंबराचा एकच उपयोग होतो: एकाच वर्षाच्या दोन कागदांवर 46 आणि 47 आले तर ती घरं शेजारी असण्याची शक्यता मोठी.

आपण बरोबर शहरात शोधतोय का

प्रश्न विचित्र वाटेल, पण इंदूरच्या बाबतीत तो विचारावाच लागतो. 1818च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे स्थिरावली, त्याचबरोबर ब्रिटिशांची रेसिडेन्सी, म्हणजे दरबारातल्या त्यांच्या प्रतिनिधीचं ठाणं, इथे आली आणि महूची लष्करी छावणी वसली. म्हणजे एकाच टापूत तीन वेगळ्या कारभारांचे कागद तयार होत होते. पत्रात नुसतं 'छावणीत बिऱ्हाड केलं' असं असेल तर ती इंदुरातलीच संयोगितागंजची छावणी की वीस-बावीस किलोमीटरवरची महूची? पणजोबा कमिसरीएटात (फौजेच्या रसदखात्यात) किंवा लष्करी हिशेबाच्या खात्यात असतील तर महूचा विचार आधी करा. वकील, कारकून, दुकानदार असतील आणि मुलं इंदुरातल्या शाळेत जात असतील तर संयोगितागंज.

रेसिडेन्सीच्या हद्दीतली गल्ली होळकरांच्या नगरनकाशावर तपशिलाने मिळेल ही अपेक्षाच चुकीची. तो भाग पुष्कळदा नुसता रिकामा सोडलेला किंवा एका रंगाने भरलेला असतो. मध्य भारतातल्या संस्थानांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिशांच्या सेंट्रल इंडिया एजन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. रेसिडेन्सीतल्या घराची वाट तिकडून जाते. होळकर दरबारच्या कागदांसाठी भोपाळच्या पुराभिलेख कार्यालयापासून सुरुवात करावी.

तिसरा घोटाळा ग्वाल्हेरचा. मराठी घराणी शिंदे आणि होळकर या दोन दरबारांमध्ये नोकरीनिमित्त ये-जा करत होती. दौलतगंज इंदुरातही आहे आणि ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातही. जिन्सी दोन्हीकडे, सराफा दोन्हीकडे. कागदावर शहराचं नाव नसेल तर पत्र कोणत्या पोस्टाचा शिक्का घेऊन आलं, स्टॅम्पपेपर कोणत्या संस्थानाचा, हे आधी पाहा. होळकरांचा स्टॅम्प असेल तर लष्कराच्या नकाशात डोळे शिणवायचं कारण नाही.

कोणता नकाशा या कामाचा, कोणता नाही

सगळ्यात सहज मिळतो तो सर्व्हे ऑफ इंडियाचा एक इंच एक मैलाचा टोपोशीट. इंदूरचं जुनं शहर 46 एन/14 या शीटवर येतं, विजयनगरपासून वरचा भाग 46 एन/13 वर. हा नकाशा गावं, नद्या, सडका, रेल्वे यांच्यासाठी उत्तम आहे, पण गल्लीसाठी त्यात वेळ घालवू नका. हिशेब करून पाहा: एक मैल म्हणजे 63,360 इंच. आठ फुटांचा बोळ या प्रमाणात मिलीमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा होतो. छापील रेघच त्याहून जाड असते. मैलाला सहा इंचांच्या नकाशावरही तोच बोळ पाव मिलीमीटरच्या आत राहतो, म्हणजे जेमतेम एक रेघ. बोळ खरोखर दिसायचा तर एका इंचाला 200 फूट किंवा त्याच्या आसपासचं प्रमाण हवं. तिथे आठ फूट एक मिलीमीटर होतात आणि बोळाच्या दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात. तेव्हा नकाशा हाती आल्यावर आधी त्याची मोजपट्टी वाचा. प्रमाण लहान असेल तर तो फक्त आजूबाजू समजण्यासाठी ठेवा.

घराच्या कागदांत नजूल (शहरातल्या सरकारी जमिनीच्या) शीटचा नंबर आणि प्लॉट नंबर सापडला तर तो शोधातला सगळ्यात भक्कम धागा समजा. नजुलाच्या शीटवर जागेची हद्द असते, आणि नामांतरणाच्या, म्हणजे मालकाचं नाव बदलल्याच्या, नोंदींतून आजच्या मालकापासून मागे मागे जाता येतं.

इंदुराला एक भाग्य लाभलंय. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार 1917-18 मध्ये इथे होता आणि त्याने इंदूर दरबारासाठी लिहिलेला अहवाल 1918 साली दोन भागांत छापला गेला. प्लेगाचे दिवस होते. लोकांनी उंदीर आणि घाण यांविरुद्ध स्वतः उठावं म्हणून त्याने दिवाळीची मिरवणूक आखली, तिच्यात प्लेगाचा राक्षस आणि भलामोठा उंदीर होता. सरसकट घरं पाडून रुंद रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. एखादी पडकी जागा मोकळी करावी, एखादा बोळ थोडा सरळ करावा, देऊळ आणि झाड राखावं, असा त्याचा आग्रह. त्यासाठी तो मोहल्ल्यांतून स्वतः पायी फिरला. जुन्या इंदूरविषयी मनात जिव्हाळा असलेल्या कोणीही तो अहवाल वाचावा.

पण नेमका इथेच वारंवार घोटाळा होतो, म्हणून हे सावकाश सांगतो. त्या काळातल्या नगररचनेच्या नकाशांवर दोन प्रकारच्या रेघा असतात: तेव्हा असलेल्या रस्त्यांच्या आणि सुचवलेल्या रस्त्यांच्या. सुचवलेल्यांपैकी कित्येक कधी झालेच नाहीत. काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये रंगाचा फरक नाहीसा होतो आणि कधीच न बांधलेला रस्ता 'नाहीसा झालेला रस्ता' म्हणून घराण्याच्या इतिहासात शिरतो. ओळखायची खूण अशी: सुचवलेला रस्ता घरांच्या ठिपक्यांवरून सरळ जातो, त्याची रुंदी सगळीकडे सारखी असते आणि तो मोठ्या चौकात किंवा गोलात संपतो. खरा जुना बोळ घरांना वळसा घालतो, मध्येच फुगतो, मध्येच चिंचोळा होतो आणि पुष्कळदा कुठेही न निघता बंद होतो. रंगीत प्रत पाहायला मिळाली तर सूचीतल्या रंगांशी एकेक रेघ ताडून घ्या. पुस्तकातल्या घडीच्या नकाशांचे स्कॅन अनेकदा अर्धवट उघडलेल्या घडीचे असतात. कडेचा भाग कापलेला दिसला तर दुसरी प्रत शोधा, कारण बहुतेक वेळा मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण त्याच कडेला असतात.

नकाशावर साल नसेल तर

साल नसलेल्या नकाशाचं वय त्यावरच्या इमारतींवरून काढता येतं, आणि इंदुरात त्यासाठी पुरेशा तारखा आहेत. राजवाड्याजवळचं गोपाळ मंदिर 1832 सालचं. बोलिया सरकारची छत्री 1858ची. रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि 1870च्या दशकात रूळ इंदुरापर्यंत आले. म्हणून रूळ नसलेला नकाशा त्याआधीचा. आजचा गांधी हॉल 1904मध्ये बांधला गेला. नकाशावर तो 'किंग एडवर्ड हॉल' असेल तर नकाशा 1904 ते 1948 यांच्या दरम्यानचा, 'गांधी हॉल' असेल तर त्यानंतरचा. तुमच्या पणजोबांचं खरेदीखत 1885चं आणि नकाशा 1930चा असेल तर मधल्या पंचेचाळीस वर्षांत बोळ सडकेत मिळून गेला असण्याची शक्यता धरूनच पुढे जा.

कागदाच्या सालाची उलटतपासणीही इथेच करून टाका. शकात 78 मिळवले की इसवी सन, संवतातून 57 वजा केले की इसवी सन, वर्षाच्या सुरुवातीचे-शेवटचे महिने असतील तर एकाचा फरक. शेतसाऱ्याच्या हिशेबाचा फसली सन जरा अवघड, कारण उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या फसलीत सुमारे दोन वर्षांचं अंतर आहे. सालाबरोबर तिथी आणि वार लिहिले असतील तर जुन्या पंचांगावरून खात्री होते.

गल्ली नदीत का पडते

आता मुख्य दुखणं. नकाशा चढवताना आजच्या आणि जुन्या नकाशावरच्या सारख्या जागा जुळवाव्या लागतात. त्या जागा चुकीच्या निवडल्या की सगळा नकाशा सरकतो, पिळतो किंवा ताणला जातो.

सगळ्यात जास्त केली जाणारी निवड म्हणजे नदीचं वळण, कारण ते डोळ्यांत भरतं. खान आणि सरस्वती या दोन्ही नद्यांचे काठ मात्र भराव, भिंती, नाल्यांचं काम आणि अतिक्रमण यांनी इतके बदललेत की काठाचा कुठलाही बिंदू धरणं म्हणजे संकटाला बोलावणं. नदीवरच काही हवं असेल तर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या धरा. छत्रीचा दगडी चौथरा जागेवर आहे. त्यातही कोणती छत्री नकाशावर दाखवलीय ते पाहा, कारण त्या एकाच वेळी बांधलेल्या नाहीत.

दुसरी नेहमीची निवड राजवाडा. तो 1801च्या आक्रमणात जळाला, 1908मध्ये आग लागली, 1984मध्ये पुन्हा जळाला आणि मागचा भाग नव्याने उभारला गेला. त्यामुळे राजवाड्याचा मध्य धरू नका. सात मजली दर्शनी दरवाजाचे कोपरे धरा.

तिसरी निवड चौकांची. चौकाचा मध्य हा आज पुतळ्याचा किंवा सिग्नलचा मध्य असतो. शंभर वर्षांपूर्वी दोन वाटा जिथे छेदत होत्या ती जागा वीस-तीस फूट बाजूला असू शकते. रुंदीकरण बहुतेक वेळा एका बाजूची घरं कापून झालंय, आणि रस्त्याची मध्यरेषा त्या बाजूला सरकलीय. मागच्या दशकभरात जुन्या शहरात बरंच रुंदीकरण झालं, त्यामुळे आजच्या उपग्रह चित्रातल्या घरांच्या दर्शनी रेषाही जुन्या राहिलेल्या नाहीत. गूगल अर्थमध्ये मागच्या सालांची चित्रं पाहायची सोय आहे. रुंदीकरणाआधीचं चित्र निवडा आणि जुना नकाशा त्यावर चढवा. या एका बदलाने पुष्कळांचं काम सुटतं.

भरवशाच्या जागा कोणत्या? देवळाचा गाभारा. पूर्ण देऊळ नको, कारण सभामंडप पुढे वाढवलेला असतो, ओवऱ्या पाडलेल्या असतात. इंद्रेश्वर, हरसिद्धी, पंढरीनाथ, गोपाळ मंदिर यांच्यासारख्या देवळांत गाभारा हलवण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही. मशिदीची किब्ल्याकडची (मक्केच्या दिशेची) भिंत, दर्गा, जुनी जैन मंदिरं, रेल्वे फाटकाची जागा, जुन्या पुलाचं दगडी काठाचं बांधकाम (पूल नवा झाला नसेल तर), बावडीचं (पायऱ्यांच्या विहिरीचं) तोंड. बावड्या पुष्कळ ठिकाणी झाकल्या गेल्यात, पण मोहल्ल्यातली म्हातारी माणसं जागा दाखवतात.

अशा किमान आठ-दहा जागा घ्या आणि त्या घराच्या सर्व बाजूंना पसरलेल्या असू द्या. सगळ्या राजवाड्याभोवती आणि घर मल्हारगंजात, अशी मांडणी असेल तर मल्हारगंजाकडचं टोक मोकळं राहतं आणि तिथे चूक मोठी होते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकीय आज्ञावलीत हे काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. 'थिन प्लेट स्प्लाइन' ही पद्धत निवडली की प्रत्येक जुळवलेली जागा तंतोतंत बसते आणि चूक शून्य दिसते. ती शून्य फसवी आहे: एखादी जागा चुकीची जुळवली असली तरी नकाशा मुकाट्याने तिथे ओढला जातो आणि आसपासच्या गल्ल्या वाकतात. आधी पहिल्या घाताची 'पॉलिनॉमियल' पद्धत वापरा. तिच्यात प्रत्येक जागेची चूक वेगळी दिसते. बाकीच्या जागा दहा-पंधरा फुटांत बसल्या आणि एकच ऐंशी फूट चुकत असेल, तर ती जागा दोन नकाशांवर एकच नाही. ती काढून टाका. सगळं सुसंगत झाल्यावरच, कागदाच्या घड्या आणि आकसण्यामुळे उरलेली तफावत घालवायला स्प्लाइन वापरा.

जुना टोपोशीट त्यावर छापलेल्या अक्षांश-रेखांशांवरून बसवणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो: सगळं एकसारखं एकाच दिशेला सरकलेलं दिसतं. कारण ते आकडे आजच्या जीपीएसच्या पद्धतीतले नाहीत. भारताच्या जुन्या मोजणीचा आधारबिंदू सिरोंजजवळचं कल्याणपूर, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातलं, आणि पृथ्वीचा आकार एव्हरेस्टच्या 1830च्या मापांनी धरलेला. इंदूरच्या जवळपास या दोन पद्धतींत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. एवढ्यात आख्खा मोहल्ला नदीपलीकडे जातो. आज्ञावलीत निर्देशांक पद्धत निवडताना 'कल्याणपूर' असलेली निवडा, रूपांतर तीच करते.

चतुःसीमा: सगळ्यात मोठी किल्ली

नकाशा व्यवस्थित बसला तरी नाव नसलेल्या पन्नास बोळांपैकी आपला कोणता, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर घरातल्याच खरेदीखतात असतं, आणि लोक तो मजकूर रटाळ म्हणून सोडून देतात.

समजा खतात लिहिलंय: पूर्वेस सरकारी सडक, पश्चिमेस जोशी यांचे घर, उत्तरेस बोळ, दक्षिणेस मारुतीच्या देवळाची भिंत. लांबी गज 22, रुंदी गज 9. एवढ्यावरून घर कोपऱ्याचं होतं हे कळतं, कारण दोन बाजूंना वाट आहे. देवळाला लागून होतं, आणि देऊळही सडकेवरच असणार. गज तीन फुटांचा धरला तर देवळाची भिंत ते बोळ हे अंतर 27 फूट, आणि सडकेपासून आत 66 फूट. आता नकाशावर सडकेच्या पश्चिमेला असं देऊळ शोधा ज्याच्या उत्तरेस सुमारे 27 फुटांवर बोळ फुटतो. अशी जागा सगळ्या मोहल्ल्यात एखादीच निघते. बोळाचं नाव काय होतं याची गरजच पडली नाही.

गज किती फुटांचा हे गृहीत धरू नका. आधीच्या काळात वेगवेगळ्या लांबीचे गज चालत. ज्याच्या चारही भिंती अजून शाबूत आहेत असं शेजारचं एखादं घर आणि त्याचं जुनं खत मिळालं तर प्रत्यक्ष मोजून गजाची लांबी निघते.

दिशांच्या बाबतीतही थोडं सैल राहा. सडक ईशान्येकडे जात असली तरी लिहिणाराने तिला सरळ 'उत्तरेकडे' म्हटलेलं असतं. चारही दिशा मिळून एकाच बाजूला फिरलेल्या असतात, म्हणून चतुःसीमा पूर्णच्या पूर्ण पंचेचाळीस अंशांपर्यंत फिरवून पाहा. मात्र पूर्व-पश्चिम उलटी कधी होत नाही. तसं वाटलं तर आपण सडकेच्या चुकीच्या बाजूला शोधतोय.

देऊळच नसेल, चारही बाजूंना माणसांची घरं असतील, तर शेजाऱ्यांची खतं शोधावी लागतात. जोशांच्या खतात 'पूर्वेस' आपल्या पणजोबांचं नाव असणार आणि 'पश्चिमेस' आणखी कोणाचं. एकेक घर पुढे सरकत गेलं की कुठे तरी साखळी विहिरीला, धर्मशाळेला किंवा सडकेला जाऊन भिडते. हे काम एकट्याचं नाही. एका मोहल्ल्यातली चार-पाच घराणी आपापले कागद घेऊन एकत्र बसली तर एका दुपारी आख्खी ओळ कागदावर मांडता येते. इंदुरात मराठी मंडळींचे गणेशोत्सव आहेत, वाचनालयं आहेत, महाराष्ट्र साहित्य सभेसारखी जुनी संस्था आहे. अशा ठिकाणी ही बैठक सहज जमते. दुसऱ्याच्या कागदाचा फोटो घेण्याआधी परवानगी घ्या. मालमत्तेचे कागद आहेत, लोक जपून असतात आणि ते बरोबरच आहे.

आत्याला नकाशा दाखवू नका

घरातल्या वडीलधाऱ्यांना नकाशा पुढे ठेवून 'सांगा, आपलं घर कुठे?' असं विचारलं की ते गोंधळतात, आणि आपण समजतो की आठवत नाही. त्यांना सगळं आठवत असतं, पण ते चालण्यातून आठवतं. वरून पाहिलेलं शहर त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. म्हणून असं विचारा: 'आत्या, दारातून बाहेर पडून देवळात जायचीस तेव्हा आधी कोणत्या हाताला वळायचीस? वाटेत पहिलं दुकान कसलं होतं? पावसाळ्यात पाणी कुठून यायचं?' उजवा-डावा हात, चढ-उतार, ऊन कोणत्या वेळी अंगणात यायचं, ही उत्तरं फार क्वचित चुकतात. सकाळचं ऊन दारातून आत येत असेल तर दार पूर्वेला.

इंदुरापुरते काही प्रश्न तर फारच उपयोगी पडतात. रंगपंचमीची गेर (मिरवणूक) दारावरून जायची की बघायला कोपऱ्यापर्यंत यावं लागायचं? अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) गच्चीवरून दिसायच्या का? कोणत्या मिलचा भोंगा मोठ्याने ऐकू यायचा? पूर आला की पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढायचं? गेरीचा आणि झांक्यांचा जुना मार्ग म्हाताऱ्या माणसांना पाठ असतो, त्यामुळे घर त्या मार्गावर की त्यापासून एका बोळाच्या अंतरावर, हे लगेच ठरतं.

शक्य असेल तर त्यांना सोबत घेऊन प्रत्यक्ष त्या भागात जा. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर. जागेवर गेल्यावर त्यांना बोलू द्या, आपण नकाशा खिशात ठेवा. बोलणं रेकॉर्ड करा आणि घरी येऊन नकाशाशी ताडून पाहा. दोन भावंडांची आठवण वेगळी निघाली तर वाद घालू नका, दोन्ही लिहून ठेवा. एकाला मोठ्या वाड्याचं पुढचं दार आठवत असतं आणि दुसऱ्याला परसदार, असं पुष्कळदा होतं.

1948 पूर्वीचं पाहिलेलं कोणी हयात नसेल तर साठ-सत्तरच्या दशकांतली अमेरिकन हेरगिरी उपग्रहांची चित्रं कामाला येतात. ती 1995मध्ये खुली झाली. त्यांतल्या चांगल्या चित्रांत सुमारे दोन मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. बोळ दिसणार नाही, पण वाड्यांचे चौक आणि छपरांची रांग ओळखता येते, आणि रुंदीकरणाआधीची सडकेची रेषा मिळते.

दोन जागा उरल्या तर

सगळं केल्यावरही कधी कधी दोन जागा तितक्याच पटण्याजोग्या उरतात. घाईने एक निवडून वंशावळीत छापू नका. दोन्ही जागांचे निर्देशांक लिहा, प्रत्येकीच्या बाजूने कोणता पुरावा आहे आणि कोणता विरुद्ध जातो ते खाली लिहा, कोणत्या सालाचा नकाशा आणि कोणत्या सालाचं खत वापरलं तेही लिहा. जुळवलेल्या जागांची यादी नकाशाच्या फाइलबरोबरच ठेवा, म्हणजे उद्या पुतणी किंवा भाच्याने काम पुढे नेलं तर त्यांना पहिल्यापासून खटाटोप करावा लागणार नाही. मूळ कागदांना लॅमिनेशन करू नका. सपाट ठेवा, आम्लमुक्त कागदात गुंडाळा आणि ज्या पानावर चतुःसीमा आहे त्या पानाचा स्वतंत्र, मोठा, सावली न पडलेला फोटो आजच काढून ठेवा.

शेजारच्या घराण्याचं खत पुढच्या वर्षी एखाद्या पेटीतून निघू शकतं, आणि त्यातली 'पूर्वेस' एवढी एक ओळ दोन जागांपैकी एक कायमची बाद करते.